आपोआप काही मिळालं नव्हतं

कामाच्या तासांचा विषय निघाला की हल्ली आपल्याकडे एक ठरलेला युक्तिवाद ऐकू येतो. उद्योजकांच्या मुलाखतींत तो असतो, अर्थविषयक सदरांत असतो, आणि ज्यांना स्वतःला शनिवार-रविवार सुट्टी आहे अशा घरांतल्या गप्पांतही असतो. तो असा: देश आधी श्रीमंत व्हावा लागतो, सवलती मागून येतात. इंग्लंड, जर्मनी, जपानमधल्या पिढ्या आधी ढोरमेहनत करून राबल्या. भांडवल साठलं, यंत्रं सुधारली, उत्पादन वाढलं आणि मग कामाचे तास आपोआप उतरले. कायदे झाले ते आधीच घडून गेलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्यापुरते. समाजसुधारक आणि युनियनवाले मनाने चांगले असतील, पण त्यांना हिशेब येत नव्हता. ज्यांना येत होता ते अर्थशास्त्रज्ञ तेव्हाही सांगत होते की घाई करू नका. म्हणून आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करा असं कुणी म्हटलं तर त्याच्यावर तुटून पडू नका. तो इतिहासाचा धडाच सांगतो आहे.

मला या मांडणीचा संताप येतो. ज्या माणसांनी नोकऱ्या घालवल्या, तुरुंग पाहिले, आयुष्यभर टिंगल सोसली, त्यांचं श्रेय काढून घेऊन ते बाजाराच्या पदरात टाकायचं, आणि त्याच बाजाराच्या नावाने त्यांनी मिळवलेलं परत मागायचं, हा दुहेरी अन्याय आहे. आणि हा वाद आता पुस्तकातला राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. कामगारांची लेखी संमती घेतली जाईल आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, असं सोबत सांगितलं गेलं. म्हणून हा इतिहास नीट तपासून घेणं भाग आहे.

हिशेब कोणाला येत होता, तिथूनच सुरुवात करू. नासाऊ सीनियर हे ऑक्सफर्डचे अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक. १८३७ मध्ये इंग्लंडच्या कापड गिरण्यांत दहा तासांच्या दिवसाची मागणी जोरात होती. गिरणीमालकांची बाजू समजून घेऊन सीनियरनी कारखाना कायद्यावर पत्रं लिहिली आणि त्यांत एक आकडेमोड मांडली. गिरणी साडेअकरा तास चालते, म्हणजे तेवीस अर्धे तास. एकूण भांडवल एक लाख पौंड धरा: ऐंशी हजार इमारत आणि यंत्रांत, वीस हजार कच्च्या मालात आणि मजुरीत. वर्षाची विक्री एक लाख पंधरा हजार. म्हणजे प्रत्येक अर्ध्या तासाच्या वाट्याला पाच हजार पौंड. पहिल्या वीस अर्ध्या तासांत घातलेलं भांडवल वसूल होतं, एकविसाव्यात यंत्रांची झीज भरून निघते, आणि मालकाचा निव्वळ नफा येतो तो फक्त शेवटच्या दोन अर्ध्या तासांतून. निष्कर्ष: दिवस एका तासाने कमी केलात की नफा शून्य. दीड तासाने कमी केलात की ढोबळ नफाही गेला. गिरण्या बंद.

एवढा भारदस्त पुरावा मिळाल्यावर मालक गप्प बसतील कसे? पण हा पुरावा कोणत्याही किराणा दुकानदाराने दोन मिनिटांत मोडीत काढला असता. गिरणी एक तास कमी चालली तर त्या तासाचा कापूसही कमी लागतो, कोळसा कमी जळतो. सीनियरनी विक्रीतून तास वजा केला आणि खर्च मात्र पूर्ण दिवसाचा धरला. त्याहून मोठी चूक अशी की ऐंशी हजारांची इमारत आणि यंत्रं दरवर्षी नव्याने घ्यावी लागतात अशा थाटात ती रक्कम पहिल्या वीस अर्ध्या तासांत वसूल करून घेतली, आणि त्यावर पुन्हा झिजेसाठी वेगळा अर्धा तास लावला. एकच खर्च दोनदा. फॅक्टरी इन्स्पेक्टर लेनर्ड हॉर्नर यांनी आपली असहमती सीनियरना तेव्हाच लेखी कळवली होती. पुढे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात या शेवटच्या तासाच्या चिंध्या केल्या. पण तोवर हा ‘शास्त्रीय निष्कर्ष’ लहान मुलांच्या विश्रांतीच्या आड दहा वर्षं उभा राहिला होता.

आता दुसऱ्या बाजूला पाहा, ज्यांना हिशेब येत नव्हता असं सांगितलं जातं त्यांच्याकडे. रॉबर्ट ओएनने १८०० मध्ये स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरण्यांचा कारभार हाती घेतला. दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं बंद केलं, त्यांच्यासाठी शाळा काढली, आणि कामाचा दिवस साडेदहा तासांवर आणला. अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळे १८०६ च्या सुमारास कापूस मिळेना तेव्हा चार महिने गिरण्या बंद ठेवाव्या लागल्या. त्या काळात त्याने कामगारांना पूर्ण पगार दिला. त्याचा खर्च आला सुमारे सात हजार पौंड. एवढं करून न्यू लॅनार्क बुडालं का? नाही. ते नफ्यात चाललं आणि युरोपभरचे पाहुणे ते पाहायला येत राहिले. १८४७ चं दहा तासांचं विधेयक पार्लमेंटात ज्याने लावून धरलं तो जॉन फील्डन टॉडमॉर्डनच्या मोठ्या कापड गिरण्यांचा मालक होता. लहानपणी वडिलांच्याच गिरणीत त्याने स्वतः काम केलं होतं. गिरणीचा जमाखर्च सीनियरला जास्त कळत होता की ओएन आणि फील्डनला? ज्यांनी आयुष्य गिरणीच्या वह्या पाहण्यात घालवलं त्यांना भावनाविवश म्हणायचं आणि ज्याने बाहेरून येऊन चुकीची बेरीज केली त्याला शास्त्रज्ञ, असला न्याय चालणार नाही.

‘तास आपोआप उतरले’ असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी ॲडम स्मिथचं नाव सतत असतं. १७७६ च्या त्याच्या ग्रंथात बाजाराची थोरवी आहे, हे खरं. पण त्याच ग्रंथात तो सांगतो की मजुरी खाली ठेवण्यासाठी मालक कायम आणि सगळीकडे गुपचूप एकी करून असतात. तो सांगतो की कामगारांच्या बाजूने केलेला नियम नेहमीच न्याय्य असतो, मालकांच्या बाजूने केलेला असेलच असं नाही. जो माणूस बेताने काम करतो तोच वर्षभरात सगळ्यांत जास्त काम उरकतो, हेही त्याने लिहिलं आहे. ही पानं वगळून स्मिथ सांगणारे अर्थशास्त्राच्या नावाखाली मालकी हक्काची वकिली करत आहेत, एवढंच म्हणता येईल.

पुढचा मुद्दा मोकळ्या कराराचा. कामगार सज्ञान आहे, त्याला जास्त तास काम करून जास्त कमवायचं आहे, सरकारने मध्ये का पडावं? ऐकायला हे स्वातंत्र्याचं बोलणं वाटतं. पण ज्या इंग्लंडात हा सिद्धांत जन्मला तिथे सरकार मध्ये पडतच होतं. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांनी एकत्र येऊन जादा मजुरी मागणं गुन्हा ठरवलं होतं. ते कायदे १८२४ पर्यंत होते. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी दावा, आणि कामगाराने काम अर्धवट टाकलं तर त्याला तुरुंग, ही व्यवस्था १८७५ पर्यंत टिकली. पाऊण शतक कायद्याचा सोटा एकाच पाठीवर पडत होता. तेव्हा कोणाही प्राध्यापकाला सरकारी हस्तक्षेपाने बाजार बिघडतो असं वाटलं नाही. मुलांचे तास मोजायला सरकारने १८३३ मध्ये संपूर्ण देशासाठी चार इन्स्पेक्टर नेमले, तेव्हा मात्र स्वातंत्र्य धोक्यात आलं!

मुंबईच्या गिरणीतला मोकळा करार कसा होता? कामावर घ्यायचा तो जॉबर, काढायचा तोही जॉबर. पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत, कित्येकदा त्याहीपुढे अडकून राही. म्हणजे नव्या माणसाने दीड-दोन महिने उधारीवर जगायचं. उधार देणारा वाणी, नाहीतर तोच जॉबर. नोटीस न देता काम सोडलं तर अडकलेला पगार बुडाला. गेटवर रोज सकाळी बदली कामगारांची रांग उभी असे: कोणाचा खाडा पडला की तेवढ्या दिवसाचं काम मिळवायला. आत साचावर उभ्या असलेल्या माणसाला ती रांग दिसत असे. या माणसाने ‘मी तेरा तास काम करायला राजी आहे’ म्हटलं तर ती त्याची इच्छा होती असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

मिनिटांचंही तसंच. इंग्लंडमधल्या इन्स्पेक्टरांनी आपल्या अहवालांत मालक वेळ कशी चोरतात ते नोंदवून ठेवलं आहे. सकाळी ठरल्या वेळेआधी इंजिन सुरू करायचं, जेवणाच्या सुट्टीत दोन्ही टोकांना काही मिनिटं कापायची, संध्याकाळी थोडं उशिरा बंद करायचं. दिवसाला फक्त पाच मिनिटं धरा. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर पंचवीस तास होतात. प्रत्येक कामगारामागे वर्षाला अडीच दिवस फुकट. कामगाराला स्वतःहून जास्त काम करायचं होतं, तर ही पाच मिनिटं चोरावी का लागत होती?

आणि तास आपोआप उतरत होते हे म्हणणं तर इंग्लंडच्याच दप्तराने खोटं ठरतं. १८४७ च्या कायद्याने स्त्रियांचा आणि १३ ते १८ वयाच्या मुलांचा दिवस मे १८४८ पासून दहा तासांचा झाला. मालकांनी काय केलं? पाळ्यांची अशी गुंतागुंत रचली की एकाच मुलीला सकाळी दोन तास, दुपारी तीन तास, मग मध्ये रिकामी बसवून पुन्हा संध्याकाळी बोलवायचं. ती दिवसभर गिरणीच्या आवारात अडकलेली असे, आणि कोणत्या क्षणी ती कामावर होती हे इन्स्पेक्टरला सिद्ध करता येत नसे. गिरणी मात्र पूर्वीइतकीच लांब चाले. प्रकरण कोर्टात गेलं. फेब्रुवारी १८५० मध्ये न्यायाधीशांनी ही पद्धत कायदेशीर ठरवली. त्यावर पार्लमेंटला त्याच वर्षी नवा कायदा करून कामाच्या सुरुवातीची आणि शेवटाची वेळच बांधून द्यावी लागली, आणि त्या बदल्यात आठवड्याचे दोन तास मालकांना परत द्यावे लागले. जी गोष्ट आपोआप घडत असते ती रोखण्यासाठी कोणी कोर्टापर्यंत जातं का?

कायदा झाल्यावर इंग्लंडचा कापड धंदा बुडाला नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो वाढत गेला. १८४४ मध्ये पंतप्रधान पील यांच्या सरकारने दहा तासांचं कलम हाणून पाडण्यासाठी राजीनाम्याची धमकी दिली होती. त्या सरकारचे गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी १८६० मध्ये सभागृहात उभं राहून आपला तेव्हाचा विरोध चुकीचा होता अशी कबुली दिली. आपल्याकडे इंग्रजी शिक्षणामुळे ओळखला जाणारा मेकॉले, जो काही कामगारांचा कैवारी नव्हता, त्याने १८४६ च्या भाषणात साधी गोष्ट विचारली होती: गेली तीनशे वर्षं इंग्रज माणूस आठवड्यातला एक दिवस विश्रांती घेत आला, म्हणून इंग्लंड गरीब झालं का? त्याचं म्हणणं असं की त्या दिवशी यंत्रांच्या यंत्राची, म्हणजे माणसाची, डागडुजी होते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेकॉलेला जे कळलं होतं ते आज आपल्याला नव्याने समजवावं लागतं, हे वाईट आहे.

स्पर्धेची भीती तर प्रत्येक वेळी तीच. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक म्हणत, तास कमी केले तर युरोपखंड आणि अमेरिका आम्हाला खाऊन टाकतील. मुंबईचे मालक म्हणत, लँकेशायर खाऊन टाकेल. पुढे लँकेशायरच्या जागी जपान आला. आज चीन आहे, व्हिएतनाम आहे, बांगलादेश आहे. खाऊन टाकणारा कोणीतरी कायम दाराशी उभा असतो, आणि त्याला पळवून लावायला प्रत्येक देशात तेच हात पुढे करायला सांगितले जातात. स्वित्झर्लंडने १८७७ मध्ये कारखान्यातल्या सगळ्याच कामगारांसाठी, पुरुषांसह, अकरा तासांची मर्यादा घातली. ना कोळसा, ना समुद्र, ना साम्राज्य, आणि चहूबाजूंनी मोठे शेजारी. स्वित्झर्लंड भिकेला लागलं असं कोणी ऐकलं आहे?

‘आधी समृद्धी, मग सवलत’ या म्हणण्याचा निकाल लावायला मुंबईच्या गिरणगावाइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्यापुढची सुमारे पन्नास वर्षं गिरण्यांचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा असे. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास, हिवाळ्यात अकराच्या आसपास. धागा तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट आणि कोंदट ठेवलेली, कापसाची तूस नाकातोंडात, आणि तुटलेले धागे सांधत दिवसभर उभं राहायचं. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मर्यादा घालणारा एकही कायदा नव्हता. मर्यादा होती ती फक्त सूर्याची. मग १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले. बाजारात तेजी होती. यंत्र सुधारलं, उत्पादन वाढलं, नफा वाढला. आपल्या पंडितांच्या सिद्धांताप्रमाणे आता दिवस लहान व्हायला हवा होता. झालं काय? कित्येक गिरण्यांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. इंग्लंडमध्येही त्याच्या शंभर वर्षं आधी हेच घडलं होतं: सॅलफर्डच्या गिरणीत गॅसबत्ती आली आणि रात्र कामाला जुंपली गेली. यंत्राने कामगाराला मोकळं केलं नाही. अंधार हा कामगाराचा शेवटचा आडोसा होता, यंत्राने तोही काढून घेतला.

हा दिवस आवरण्यासाठी काय लागलं? १९०७-०८ चा कारखाना कामगार आयोग बसवावा लागला. त्यात बहुसंख्य सदस्य प्रौढ पुरुषाच्या तासांना थेट हात लावायला तयार नव्हते. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर या एका सदस्याने वेगळी टिप्पणी लिहून थेट मर्यादेचा आग्रह धरला. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. आज जो आकडा प्रगतीचा म्हणून सांगितला जातो आहे, तो ११० वर्षांहून आधी गिरणी कामगाराला दिलेल्या पहिल्या संरक्षणाचा आकडा आहे, हे मंत्रिमंडळाच्या टिपणात कोणी लिहिलं होतं का?

यावर एक देशभक्तीचा मुद्दा काढला जातो, आणि तो जुना आहे. कारखाना कायदे हा मँचेस्टरचा कावा होता. आपल्या गिरण्यांशी स्पर्धा करता येईना म्हणून लँकेशायरवाल्यांनी कामगारांचा कळवळा आणला. १८८१ च्या सुमाराला राष्ट्रीय बाण्याच्या बऱ्याच वृत्तपत्रांनी हेच लिहिलं. लँकेशायरचा स्वार्थ होता, यात शंका नाही. आयातीवरचं शुल्क काढायला लावणारे आणि १८९६ मध्ये आपल्याच कापडावर साडेतीन टक्के अबकारी लादायला लावणारे तेच होते. पण हे मान्य केल्याने काय सिद्ध होतं? १८८१ चा कायदा मागत काय होता? सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घेऊ नका. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नका. त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्या. तोही फक्त शंभर आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. चहाचे आणि निळीचे मळे त्यातून वगळलेले, कारण ते साहेबांचे. सहा वर्षांचं पोर कामाला लावल्याशिवाय स्वदेशी उद्योग उभा राहत नसेल, तर तो कोणाच्या स्वदेशासाठी? आणि मुलांसाठी कायदा हवा असं मुंबईत उघडपणे मांडणारे सोराबजी शापूरजी बंगाली मँचेस्टरचे नव्हते, इथलेच होते.

मँचेस्टरचा कावा म्हणणाऱ्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांचं काय करायचं ते कधीच कळलं नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. गिरणीत नोकरी केलेला हा माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या वाचा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर उदरनिर्वाहाची सोय. यात एकही ओळ भावनेची नाही. हे उपाशी माणसाचं अर्थशास्त्र आहे: पगार पंधरा तारखेला मिळाला तर वाण्याचं व्याज वाचतं, दुपारी अर्धा तास बसता आलं तर संध्याकाळी हात यंत्रात जात नाही.

सहा वर्षं लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी बायांनी भाषणं केली. १८९० मध्ये, जेव्हा शिकल्यासवरल्या घरांतही बाईने सभेत बोलणं अब्रूचा प्रश्न होता. १० जूनला मुंबई गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती देशभर लागू झाली. आणि तरी आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो की रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली. इंग्रजांची कचेरी रविवारी आधीपासूनच बंद असे. त्या कचेरीच्या सुट्टीने गिरणीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. गिरणी थांबली तरी कामगाराला त्या दिवशी यंत्रं पुसायला बोलवत. ते दार लोखंडे आणि त्या दहा हजारांनी उघडलं. प्लेगात लोकांची सेवा करताना १८९७ मध्ये लोखंडे गेले. रविवारच्या सुट्टीने मुंबईच्या गिरण्या मेल्या नाहीत. त्यानंतरच्या काळात त्यांची संख्या वाढली. त्यांना जे धक्के बसले ते प्लेगचे, चलनाचे आणि चीनच्या बाजारात जपान उतरल्याचे.

गरीब देशाला कमी तास परवडत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी पुढची वर्षंही बघावीत. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले. १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला. १९३४ मध्ये चोपन्न. १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस, आणि ते विधेयक आणलं तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४६ चा हिंदुस्थान श्रीमंत होता का? तीन वर्षांपूर्वी बंगालमध्ये लाखो माणसं दुष्काळाने मेली होती आणि धान्य रेशनवर होतं. समृद्धीची वाट पाहायची असती तर अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आपल्याला आजही मिळाला नसता. तो सगळ्यांत वाईट दिवसांत मिळाला, कारण तो मागणारे संघटित होते आणि टेबलापलीकडे कामगाराच्या चाळीत राहिलेला माणूस बसला होता. परळच्या चाळीत बाबासाहेबांनी स्वतः बरीच वर्षं काढली होती.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांगितलं होतं की इंग्लंडच्या पुस्तकांतलं अर्थशास्त्र म्हणजे कुठल्याही देशाला, कुठल्याही काळाला लागू पडणारे निसर्गनियम नव्हेत. ते एका विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट लोकांनी केलेले आडाखे आहेत. मराठी माणसाला ही शिकवण सव्वाशे वर्षांहून जास्त काळ घरात उपलब्ध आहे. तरी ‘अर्थशास्त्र असं सांगतं’ एवढं कोणी इंग्रजीत म्हटलं की आपण मान डोलावतो. कोणतं अर्थशास्त्र? सीनियरचं, की ओएनचं? मालक संघाचं, की सुपारीबागेतलं?

आता लेखी संमतीबद्दल. बारा तासांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळा भर तिच्यावर आहे. तर मग त्यांनी नेमकी उत्तरं द्यावीत. ज्या कामगाराचं नाव कंपनीच्या नव्हे, कंत्राटदाराच्या मस्टरवर आहे, त्याने संमती नाकारली आणि पुढच्या महिन्यात त्याचं कंत्राट संपलं, तर हे दोन्ही जोडून पाहायला कोण जाणार आहे? नकार दिलेल्यांची नोंद कोणत्या रजिस्टरला राहील, आणि ते रजिस्टर कामगाराला बघता येईल का? राज्यातल्या एकेका कारखाना निरीक्षकाच्या वाट्याला किती कारखाने येतात, आणि तो वर्षातून किती वेळा आत पाऊल टाकतो? बारा तासांची पाळी, वर दोन्ही बाजूंचा लोकलचा नाहीतर बसचा प्रवास, आणि घरी गेल्यावर स्वयंपाक-पाणी, हा दिवस एका बाईने कसा निभवायचा, याचा हिशेब कोणी मांडला आहे? आणि बारा तासांनी खरंच उत्पादकता वाढते असं वाटत असेल, तर दहाव्या, अकराव्या, बाराव्या तासाला होणाऱ्या अपघातांचे आकडे आधी जमवून सभागृहापुढे का ठेवले नाहीत? लोखंड्यांनी १८८४ मध्ये एका अर्जात वेळ, पगार, विश्रांती आणि भरपाई यांचा एकत्र विचार केला होता. सरकारकडे खाती आहेत, संगणक आहेत, सल्लागार आहेत. हे आकडे आणि ही उत्तरं विधिमंडळात छापील स्वरूपात येईपर्यंत नऊ तासांच्या मर्यादेला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग संमतीच्या कागदावर किती का अंगठे उठलेले असेनात.